तीन ग्लासांचा दिवस

सकाळी ६.३०

प्रागमध्ये मी बिअरच्या सहली नेते हे कळलं की नाशिकचे नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तुला फुकट मिळते का गं?" दुसरा, आवाज खाली आणून, "आई-बाबांना माहीत आहे?" दोन्हींचं उत्तर 'हो' आहे, पण त्यातून माझ्या कामाचा काही पत्ता लागत नाही. माझ्या दिवसात बिअर उगवते दुपारी साडेबाराला. त्याआधीचे सहा तास गाड्या, तिकिटं, स्वेटर, शौचालयं आणि शाकाहार यांचे असतात.

आजचा गट नऊ जणांचा, सगळे मराठी. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर काका आणि काकू, नागपूरचे डॉक्टर, त्यांची पत्नी आणि मुलगा, शिवाय डोंबिवलीच्या दोन बहिणी आपापल्या यजमानांसह. सगळ्यांना काल रात्रीच निरोप गेला आहे: नाश्ता पोटभर करा, ओळखपत्र ठेवा, स्वेटर घ्या. त्यावर काकांचं उत्तर लगेच आलं, "जुलैत स्वेटर? ग्रुप चुकला का?" मी लिहिलं, "तळघर आहे काका. बाहेर कितीही ऊन असू दे, खाली थंडीच असते."

चहा पिता पिता रेल्वेच्या ॲपवर गाडीचा फलाट बघते, ब्रुअरीचं आरक्षण पुन्हा तपासते आणि वहीत खाण्याची यादी करते. बीफ न खाणारे सात. अंडंही न खाणाऱ्या एक, डोंबिवलीच्या मोठ्या ताई. बिअर न पिणारे तीन. या यादीवर आजचा दिवस तरेल किंवा बुडेल.

सकाळी ८.००

प्रागच्या मुख्य स्टेशनात खाली मॉलसारखी गर्दी असते. वर जुन्या घुमटाखाली, योसेफ फांटा या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या दालनात, उभं राहायला जागा असते. मी तिथेच बोलावते. नऊ डोकी मोजून होतात.

"बस नाही का केली?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न. आज जायचंय ते प्लझेन इथून साधारण नव्वद किलोमीटर. मिनीबसने नेणारेही बरेच आहेत. पण या देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचा अंशसुद्धा चालत नाही, मर्यादा शून्य आहे. जगात माणशी सर्वाधिक बिअर पिणारा म्हणून वर्षानुवर्षं ओळखला जाणारा देश स्टिअरिंगसमोर इतका कडक आहे, हे लोकांना पटायला वेळ लागतो. मला रेल्वे आवडते, कारण तिला ठरलेली वेळ असते. दारूच्या सहलीत 'अजून एकच' या दोन शब्दांना उत्तर लागतं, आणि 'गाडी सुटेल' याइतकं वाद न घालता येणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

डॉक्टरांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. तो आईपासून चार पावलं लांब उभा राहून मला हळूच विचारतो, "ताई, इथे किती वयाची अट आहे?" अठरा. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस. म्हणजे हा मुलगा नागपुरात बेकायदा आणि इथे कायदेशीर. डॉक्टरांना ऐकू गेलेलं असतंच. ते म्हणतात, "कायदा इथला, पण बाप नागपूरचा." मी दोघांच्या मध्ये न पडता फलाट दाखवते.

सकाळी ८.४५

गाडी व्ल्तावा ओलांडते, मग बेरौंका नदीचं खोरं धरते. दोन्ही बाजूंना झाडी, खडक, नदीकाठची छोटी घरं. प्रवास सव्वा ते दीड तासाचा. सगळा इतिहास मी इथे संपवते, कारण दोन घोट पोटात गेल्यावर इसवी सन कुणाच्या डोक्यात राहत नाही.

राजा दुसरा वात्स्लाव्ह याने १२९५ मध्ये प्लझेन वसवलं आणि तिथल्या २६० घरांना बिअर बनवून विकण्याचा हक्क दिला. हक्क घराला होता, त्यामुळे घर विकलं की हक्कही नव्या मालकाकडे जायचा. साडेपाचशे वर्षं हे असंच चाललं. पण जितकी घरं तितके हात, आणि जितके हात तितक्या चवी. एखादा माल छान निघायचा, एखादा आंबट. १८३८ मध्ये नगराच्या कचेरीसमोर छत्तीस पिंपं बिअर पिण्यालायक नाही म्हणून सगळ्यांदेखत रस्त्यावर ओतून देण्यात आली.

"ओतली?" काका कळवळतात.

ओतली, आणि मग तक्रार करत बसण्याऐवजी हक्कदार एकत्र आले. घरोघरी शिजवण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एकच मोठी ब्रुअरी उभारायचं ठरलं. मार्टिन श्टेल्झर या स्थानिक बांधकाम करणाऱ्याने ती बांधली आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तिशीही न गाठलेला ब्रुअर आणला गेला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा शिजवला. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या जत्रेच्या दिवशी, तो लोकांपुढे आला. तोवर गावाला गडद आणि गढूळ बिअरची सवय होती. ग्लासात उतरली ती पारदर्शक आणि सोनेरी.

"ग्रोलने नवीन काय केलं?" हा प्रश्न काकांचा. इंजिनिअरला राजापेक्षा यंत्रात रस.

सातू भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवला की माल्ट होतो. जुन्या भट्ट्यांमध्ये धूर आणि आच थेट लागायची आणि माल्ट काळपट व्हायचा. इंग्लंडमध्ये गरम हवेने वाळवण्याची पद्धत रुळली होती, त्यात रंग फिकट राहायचा. ती भट्टी इथे उभी राहिली. सातू मोरावियाचा. कडवटपणा आणि सुगंध देणारे हॉप्स झातेत्स गावाकडचे, ज्यांच्या मळ्यांचा परिसर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. यीस्ट बव्हेरियन पद्धतीचं, थंडीत तळाशी बसून संथपणे काम करणारं. गावाचं स्वतःचं काय, तर पाणी: अतिशय मऊ, क्षार जवळजवळ नसलेलं, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा जिभेला खरखरीत लागत नाही.

"म्हणजे सुटे भाग बाहेरचे, असेंब्ली प्लझेनची," काका निकाल देतात.

"आणि क्वालिटी कंट्रोल छत्तीस पिंपांचा," डॉक्टर पुस्ती जोडतात.

ही बिअर इतकी चालली की नाव राखणं अवघड झालं. १८९८ मध्ये 'पिल्स्नर उर्क्वेल' हे नाव नोंदवेपर्यंत युरोपभर कितीतरी लेबलांवर 'पिल्स्नर' विराजमान झालं होतं. आपल्याकडच्या बिअर शॉपीत फ्रिजच्या काचेआड उभ्या असलेल्या सोनेरी बाटल्यासुद्धा याच घराण्याच्या, फार लांबच्या शाखेतल्या. प्रागमध्ये ही बिअर पहिल्यांदा आली ती १८४३ मध्ये. मार्टिन साल्झमान नावाच्या गाडीवानाने ती याकुब पिंकास या शिंप्याला आणून दिली असं सांगितलं जातं. शिंप्याने कात्री ठेवून दिली आणि मधुशाळा काढली. ती आजही चालू आहे. साल्झमानच्या घोड्यांनी तुडवलेलं अंतर आपण उलट्या दिशेने कापतोय, गादीच्या खुर्चीत बसून.

रोकित्सानी मागे पडलं की एय्पोवित्सेचा बोगदा लागतो. चार किलोमीटरांहून थोडा लांब, २०१८ मध्ये सुरू झालेला, देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. अंधार झाला की मी बोलणं थांबवते. बाहेर पडलं की प्लझेन.

सकाळी १०.१५

पाय मोकळे करायला आधी जुन्या गावात. राडबुझा नदी ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत आपण भल्यामोठ्या चौकात येतो. मधोमध सेंट बार्थोलोम्यूचं कॅथीड्रल. त्याचा मनोरा १०२ मीटर उंच, चेक देशातल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच. वर जायला ३०१ पायऱ्या. "सिंहगड चढलेली आहे मी," असं म्हणून पुण्याच्या काकू निघतात, मागे दोन्ही डोंबिवलीकर ताई. पुरुषमंडळी खाली सावलीत थांबतात आणि वरून फोटो पाठवा म्हणतात.

चर्चच्या मागच्या लोखंडी जाळीवर देवदूतांची छोटी मुंडकी आहेत. त्यातल्या एकाला हात लावला की नशीब उघडतं अशी गावाची श्रद्धा, आणि तेवढं एकच मुंडकं हातांनी घासून लखलखीत झालंय. डॉक्टरांचा मुलगा हात लावून वडिलांकडे बघतो. मी सगळ्यांना सोळाव्या शतकातल्या नगर-कचेरीसमोर नेते आणि सांगते, पिंपं ओतली ती इथे. काका फरसबंदीचा फोटो काढतात. अशा ठिकाणी काही स्मारक नसलं तरी माणसं खाली वाकून बघतात, हे मी नेहमी पाहते.

सकाळी ११.१५

ब्रुअरी म्युझियम हे बिअरचा हक्क असलेल्या जुन्या घरातच आहे आणि तिथून गावाखालच्या भुयारांत उतरता येतं. डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि वाकून चालायचं. गावाखाली मिळून सुमारे वीस किलोमीटरची भुयारं आणि तळघरं आहेत, सर्वांत जुनी चौदाव्या शतकातली. आपण त्यातलं आठशे मीटर बघतो. विहिरी, साठवणीच्या खोल्या, बर्फ ठेवायच्या जागा. वर घर, खाली तळघर, तळघरात पिंपं: ते २६० घरांचं राज्य कसं चालत असेल ते इथे दिसतं. डोंबिवलीच्या धाकट्या ताई मात्र म्हणतात, "एवढी थंडगार जागा आणि त्यात लोणची नाही ठेवली कुणी?" स्वेटर आता बाहेर आलेले असतात. काकांचा हॉटेलवर राहिलेला असतो. माझ्या पिशवीत एक जादा शाल असते, ती काका मुकाट्याने घेतात.

दुपारी १२.३०

आता माझ्या कामाचा सर्वांत अवघड तास. जेवण.

चेक मधुशाळेची खासियत म्हणजे स्वीच्कोवा, मलईदार रस्सा आणि सोबत क्नेडलिक नावाचे वाफवलेल्या पावासारखे काप. मांस बीफचं. गुलाशही बहुतेक वेळा बीफचाच. डुकराचं भाजलेलं मांस किंवा कोंबडी हा बीफ न खाणाऱ्यांसाठीचा रस्ता. शाकाहाऱ्यांसाठी मेनूत हमखास असतं स्माझेनी सीर, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चीज. पण चुरा चिकटवायला अंडं, आणि सोबतच्या टार्टर सॉसमध्येही अंडं. बटाट्याच्या धिरड्यात अंडं. क्नेडलिकमध्येही बहुधा अंडं. राहता राहिले उकडलेले बटाटे, लोणी, काकडीची कोशिंबीर आणि भाजलेल्या भाज्या. हे सगळं मी आठवड्यापूर्वी फोनवर ठरवलेलं असतं, तरी वेटरला पुन्हा एकदा चेकमध्ये सांगते. मोठ्या ताई शांतपणे पर्समधून धपाट्यांचा डबा काढतात. "तुझी तारांबळ कळते गं. मी माझी सोय केली आहे." न पिणाऱ्यांसाठी कोफोला येते, इथलं गावठी कोला, तेही नळावरचं.

आणि मग पहिला ग्लास. वर तीन बोटं जाड फेस.

"ताई, हे काय?" काका ग्लास उजेडात धरतात. "पाव ग्लास फेसच दिलाय. फसवलं आपल्याला."

मी त्यांना काचेवर कोरलेली रेघ दाखवते. फेस बसला की माप तिथे जुळायला हवं. फेस हा ग्राहकाला टोपी घालण्याचा प्रकार नाही. तो बिअरवरची साय आहे: हवेला आत येऊ देत नाही, वास धरून ठेवतो आणि पहिल्या घोटातला कडूपणा मऊ करतो. त्यासाठी इथे बाजूला फिरणारी नळाची तोटी असते. बिअर भरणारा आधी ग्लास थंड पाण्याने विसळतो, तोटी किंचित उघडून तळाला फेस घेतो, तोटी त्यात बुडवतो आणि मग पूर्ण उघडून फेसाखालून बिअर भरतो. या पद्धतीला ह्लाडिंका म्हणतात. काउंटरमागे हे काम करणाऱ्याला वीचेप्नी म्हणतात आणि त्याची पत इथे मोठी. चेक लोकांची म्हणच आहे की बिअर शिजवतो ब्रुअर, पण तिला बिअर बनवतो तो मधुशाळावाला. नळी धुतलेली नसेल, ग्लासाला तेलाचं बोट लागलेलं असेल, तर ब्रुअरीत घेतलेले सगळे कष्ट शेवटच्या दोन मीटरांत वाया जातात.

डॉक्टरांच्या मुलाला फळ्यावर १२ हा आकडा दिसतो. "बारा टक्के?" त्याच्या आवाजात भीती आणि आनंद समसमान. नाही. बारा अंश म्हणजे आंबवण्याआधी त्या रसात वजनाने साधारण बारा टक्के साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ होते. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी एकोणिसाव्या शतकात हे माप बसवलं. त्यातून तयार होणाऱ्या या बिअरमध्ये अल्कोहोल ४.४ टक्के. आपल्याकडची 'स्ट्राँग' याच्या जवळपास दुपटीपर्यंत जाते. डॉक्टर हे ऐकतात, विचार करतात आणि मुलासमोर स्वतःचा ग्लास सरकवतात. "दोन घोट. आणि आईला मी सांगितलं म्हणून सांगू नकोस." आई समोरच बसलेली असते.

पाण्याच्या बाटल्या मी बरोबर आणलेल्या असतात. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी, हा माझा नियम. टेबलावर एक कागदाची पट्टी असते, वेटर दर ग्लासाला तिच्यावर एक रेघ ओढतो. रिकामा ग्लास दिसला की न विचारता पुढचा आणण्याची इथली रीत आहे. म्हणून मी आल्या आल्याच त्याला सांगून ठेवते: या टेबलाला एकच.

दुपारी २.००

ब्रुअरीचं दुहेरी कमानीचं दगडी दार १८९२ चं, पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हाचं. बाटलीवरच्या लेबलवर हेच दार. तिथे प्रत्येकाचा फोटो काढणं हा माझ्या नोकरीचा अलिखित भाग. आतला फेरफटका ब्रुअरीचे स्वतःचे गाईड इंग्रजीत करून देतात. मी मागे राहून मराठीत कुजबुजते आणि कुणी मागे राहत नाही ना ते बघते.

आवार इतकं मोठं की पहिला टप्पा बसने. बाटल्या भरायचं दालन वरच्या गॅलरीतून दिसतं. ताशी एक लाख वीस हजार बाटल्यांची क्षमता. काका इथेच राहायला तयार असतात. पट्टे कसे वळतात, बाटल्या एका रांगेत कशा येतात, रिकामी परत आलेली बाटली धुऊन तपासली कशी जाते, त्यांचे प्रश्न संपत नाहीत. काकू मला म्हणतात, "चाळीस वर्षं कारखान्यात काढली, सुट्टीतही कारखानाच."

मग तांब्याची भांडी. इथे ब्रुअरीच्या कारागिरीचा गाभा आहे. दळलेला माल्ट आणि पाणी यांचं मिश्रण तापवायचं, पण सरसकट नाही. त्यातला एक भाग वेगळ्या भांड्यात काढून थेट आचेवर उकळायचा आणि पुन्हा मूळ मिश्रणात ओतायचा. सगळ्याचं तापमान एक पायरी वर चढतं. असं तीनदा. प्रत्येक पायरीवर माल्टमधलं वेगळं काम होतं, स्टार्चची साखर होते आणि उकळलेल्या भागातून किंचित भाजका, खमंगपणा येतो. वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागतं, म्हणून जगातल्या बहुतेक ब्रुअरींनी हे केव्हाच सोडलं. इथे सोडलेलं नाही. मग हॉप्स, मग थंड करणं, यीस्ट आणि थांबणं. सुरुवातीपासून ग्लासापर्यंत सुमारे पाच आठवडे.

शेवटी तळघर. या टेकडीखाली नऊ किलोमीटरांची भुयारं खोदलेली आहेत. विजेची शीतयंत्रं नव्हती तेव्हा हिवाळ्यात आणलेला बर्फ इथे साठवायचे. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत बिअर इथेच ओकच्या पिंपांत मुरायची. आता ते काम वर स्टीलच्या उंच टाक्यांत होतं. थोडी पिंपं मात्र मुद्दाम चालू ठेवलेली आहेत. टाकीतली चव जुन्या चवीपासून ढळत तर नाही ना, हे पिंपातल्या बिअरशी ताडून पाहता यावं म्हणून. ती पिंपं बनवणारे आणि आतून राळेचा थर देणारे सुतार ब्रुअरी आजही पदरी ठेवते. मालकी कितीदा बदलली: सरकार, दक्षिण आफ्रिकेची कंपनी, २०१७ पासून जपानची 'असाही' कंपनी. पिंपं राहिली.

पिंपाला नळ. ब्रुअरीचा माणूस तिथेच ग्लास भरून देतो. दुसरा ग्लास, छोटा. ही बिअर गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही, म्हणून थोडी धूसर. जिभेवर भरीव, कडूपणा उशिरा येतो. नऊ जण अंधाऱ्या गल्लीत उभे, आणि पहिल्यांदा सगळे गप्प. मी या क्षणी काही बोलत नाही. दिवसभर सांगितलेलं आता त्यांच्या जिभेने तपासून घ्यायचं असतं. थोड्या वेळाने काका शाल सावरून म्हणतात, "दुपारची आणि ही, एकच?" एकच. फक्त हिला गाळणीतून जावं लागलेलं नाही.

दुपारी ४.१५

तासाभराची मोकळीक. काही दुकानात, काही बाकावर. डॉक्टरांना मी पश्चिमेकडे बोट करून सांगते की त्यांच्या दारातल्या मोटारीवरचा पंख लावलेला बाण याच गावचा. एमिल श्कोडा यांनी १८६९ मध्ये इथला यंत्रांचा कारखाना विकत घेतला. मोटारी बनवणारी म्लाडा बोलेस्लाव्हची लॉरिन आणि क्लेमेंट ही कंपनी १९२५ मध्ये त्यात सामील झाली आणि मोटारींना हे नाव मिळालं. चाकणजवळच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांपर्यंत तो बाण पोचला. पुण्याच्या काकांना हे आधीपासून माहीत असतं, पण सांगायचं राहून गेलेलं असतं.

मी मात्र या तासात हिशोब करते. तिकिटं, जेवण, पाणी, स्टेशनवरच्या शौचालयासाठी सुटी नाणी. डोकी पुन्हा मोजते.

संध्याकाळी ५.१५

तिसरा आणि शेवटचा ग्लास त्या गाडीवानाचं, साल्झमानचं, नाव मिरवणाऱ्या गावातल्या जुन्या मधुशाळेत. इथे मी मुद्दाम प्रकार बदलून मागवते. काहींना श्निट: ग्लासात दोन भाग बिअर, तीन भाग फेस. काहींना म्लीको: जवळजवळ सगळाच फेस, गोडसर, तो बसायच्या आत संपवायचा. एकाच नळाची, एकाच पिंपाची बिअर, पण हात वेगळा फिरला की चव वेगळी. हे सांगून पटत नाही, पिऊन पटतं. म्हणून हा ग्लास शेवटी ठेवलेला.

काकूंना म्लीको आवडतं. आयुष्यात बिअरला नाक मुरडलेल्या काकू म्हणतात, "हे चालेल मला." काका संशयाने बघतात. धाकट्या ताईंचे यजमान चौथ्या ग्लासाचा विषय काढतात. मी घड्याळ दाखवते. त्यांनी वाद घातला असता, पण गाडीशी कोण घालणार?

संध्याकाळी ६.४५

परतीच्या गाडीत दोघेजण झोपलेले, बाकीच्यांत चर्चा. सर्वांत चांगला ग्लास कुठला? तीन मतं पिंपातल्याला, एक श्निटला, एक म्लीकोला. मोठ्या ताई कोफोलावर ठाम आहेत. डॉक्टरांचा मुलगा मत देत नाही, कारण त्याने अधिकृतपणे फक्त दोन घोट घेतलेले आहेत.

काकांना घरी न्यायला ती पिंपातली बिअर हवी आहे. मित्रांना दाखवायची आहे. मी सांगते, विमानाने भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त नेता येतं, बाटल्या चेक-इन सामानात ठेवायच्या. पण पिंपातली बिअर बाटलीत मिळत नाही आणि मिळाली तरी तिकडे पोचेपर्यंत ती राहणार नाही. न गाळलेली आणि न तापवलेली बिअर प्रवासाला निघते तेव्हाच बिघडायला लागते.

"मग इथून न्यायचं काय?"

"प्रश्न न्या, काका. पुण्यात आता मायक्रोब्रुअरीज आहेत, नळावरची बिअर मिळते. जाल तिथे काउंटरवर विचारा, नळी शेवटची कधी धुतली? ग्लास कोरडा आहे की विसळलेला? पिंप कधी उघडलं? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही."

"आणि आमच्या कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये विचारलं तर?"

"तर नीट ऐका. उत्तर आलं तर बसा. हसले तर बाटली मागवा."

काका हे खरोखर फोनमध्ये टिपून घेतात. काकू त्यांच्या खांद्यावरून वाचतात आणि म्हणतात, "शेवटचं वाक्य आधी लिहा. तेच उपयोगी पडणार आहे."

रात्री ८.१५

प्रागच्या स्टेशनवर नऊ डोकी पूर्ण. मेट्रोच्या दिशा सांगते, शाल परत घेते, उद्याच्या गटाला निरोप टाकते: नाश्ता पोटभर, ओळखपत्र, स्वेटर. मोठ्या ताई उरलेले तीन धपाटे माझ्या हातात ठेवतात. फलाटावर उभ्या उभ्या मी ते संपवते. दुपारच्या गडबडीत नऊ जणांना काय चालतं ते बघताना माझं जेवण झालेलंच नसतं.